दीर्घकालीन शुश्रूषा : माया आणि कौशल्य

बेंगळुरूच्या पूर्वेकडील इंदिरानगर ही वसाहत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आकारास येऊ लागली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आणि लष्करी छावणी या सर्वांना ती सोयीची. साहजिकच येथे भूखंड घेऊन घरे बांधणाऱ्यांत सार्वजनिक उपक्रमांतील अभियंते, निवृत्त सेनाधिकारी आणि सरकारी कर्मचारी यांचा मोठा भरणा होता. नोकरीच्या निमित्ताने बंगळुरास येऊन येथलीच झालेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. आज शंभर फुटी रस्त्याचे रूप पार पालटले आहे. दुकाने, उपाहारगृहे आणि २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झालेली मेट्रो यांनी तो गजबजून गेला आहे. मात्र आतल्या गल्ल्यांत जुने बंगले अजून तग धरून आहेत आणि ते बांधणारी पिढी आता ऐंशीच्या घरात पोहोचली आहे. मुले परदेशी किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी आठ आणि रात्री आठ या दोन वेळांना या गल्ल्यांतून खांद्याला पिशवी लावून लगबगीने चालणाऱ्या तरुण मुली दिसतात. कुणाच्या तरी घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळची एक पाळी संपते आणि दुसरी सुरू होते.

या मुलींपैकी परिचारिका कोण आणि मदतनीस कोण, हे त्या घरातील मंडळींनाही बरेचदा ठाऊक नसते. दीर्घकाळ आधाराची गरज असलेल्या रुग्णाच्या बाबतीत याच अज्ञानाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते, आणि ती केवळ पैशात नसते.

सांभाळणे आणि शुश्रूषा करणे

पक्षाघात, मांडीच्या हाडाचा अस्थिभंग, कंपवात, स्मृतिभ्रंश, पाठीच्या कण्याची इजा अशा कारणांनी रुग्णालयात दाखल झालेला माणूस घरी सोडला जातो, तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर औषधांची यादी असते. त्याखाली बहुधा एकच ओळ असते : घरी शुश्रूषेची व्यवस्था करावी. कुटुंबीय ‘एक बाई ठेवू’ असे म्हणतात आणि एखाद्या ब्युरोला दूरध्वनी करतात. पलीकडून विचारले जाते, ‘बारा तास की चोवीस?’ खरे तर पहिला प्रश्न निराळा असावयास हवा : या रुग्णाला सांभाळणारे माणूस हवे की प्रशिक्षित परिचारिका हवी?

अमेरिकी वैद्यक सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये माणसाच्या स्वावलंबनाचे सहा साधे निकष मांडले. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे, असे ते निकष होत. यांपैकी किती गोष्टी रुग्णाला स्वतः करता येतात, यावरून त्याला किती मदत लागेल याचा अंदाज येतो. या सहाही गोष्टींत साहाय्य करणे म्हणजे सांभाळणे. त्यासाठी हात हवेत, धीर हवा आणि थोडे प्रशिक्षण हवे. परंतु नर्सिंगची पदविका लागत नाही.

नाकातून पोटात गेलेली नळी, लघवीची नळी, गळ्यात छिद्र पाडून बसवलेली श्वासनलिका, हाडापर्यंत गेलेली जखम, शिरेतून द्यावयाची औषधे, रोज बदलणारी इन्सुलिनची मात्रा या बाबी आल्या की मामला बदलतो. येथे केवळ कृती पुरेशी नसते. कृती करताना रुग्णात काय बदल होतो आहे हे ओळखून वेळीच निर्णय घ्यावा लागतो. कुशल शुश्रूषा म्हणतात ती हीच. आपल्याकडे त्यासाठीचे शिक्षण ठरलेले आहे. साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा म्हणजे ए.एन.एम.चा अभ्यासक्रम २ वर्षांचा, जी.एन.एम. पदविका ३ वर्षांची आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे. शिक्षणानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. घरी येणाऱ्या परिचारिकेचा हा क्रमांक मागण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. बँकेत खाते उघडताना आपण ओळखपत्र दाखवतोच.

हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. चरकसंहितेत उपचाराचे चार आधार सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. त्यांतील परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत अशी अपेक्षा आहे. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे ते गुण. अनुराग हा चारांपैकी एक आहे, चारही नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या घरांत मात्र माया असली की सर्व काही साधते असा समज खोलवर रुजलेला दिसतो.

दर दोन तासांनी कूस

कौशल्याचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो शय्याव्रणात, म्हणजे रोजच्या बोलीत ज्याला ‘बेडसोअर’ म्हणतात त्यात. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची फरे अशा जागी हाड त्वचेच्या अगदी जवळ असते. तेथे सतत दाब राहिला की रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच आतील पेशी मरू लागतात. वर केवळ लालसर डाग दिसतो. आतील नुकसान त्याहून मोठे असते. बोटाने दाबल्यावरही तो डाग फिका पडत नसेल तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसतही नाही. तेथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का हे हाताने पाहावे लागते.

अशा वेळी घरोघरी जे केले जाते ते नेमके उलटे असते. लाल झालेल्या जागेवर तेल किंवा स्पिरिट चोळतात, पावडर फासतात किंवा खाली गोल कडे असलेली उशी देतात. चोळल्याने आधीच दुखावलेल्या पेशी अधिक फाटतात. गोल उशीच्या कडेने सभोवतालचा रक्तप्रवाह आवळला जातो. उपाय साधाच आहे, पण तो अखंड करावा लागतो. दर दोन तासांच्या सुमारास कूस बदलणे, पूर्ण कुशीवर न निजवता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलते ठेवणे, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे, त्वचा कोरडी राखणे आणि आहारात प्रथिने पुरेशी देणे. हवेची गादी उपयोगी आहे, मात्र ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. गादी विकणारे हे सांगत नाहीत.

शुश्रूषा काय साधू शकते याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या अरुणा शानभाग या तेथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधीही उठू शकल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, महानगरपालिकेच्या या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची देखभाल केली. दयामरणाच्या याचिकेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या पथकाने त्यांना तपासले. १९७३ पासून अंथरुणावर असूनही त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही की हाड मोडले नाही, आणि याचे श्रेय उत्कृष्ट शुश्रूषेला आहे, असे पथकाने नोंदवले. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. हा निकाल दयामरणाच्या चर्चेसाठी ओळखला जातो. शुश्रूषेच्या अंगाने तो फारसा वाचला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

एवढ्या वर्षांच्या सेवेमागे आपुलकी होती यात शंका नाही. पण ती सेवा पाळ्यांत विभागलेली होती, तिच्यावर वरिष्ठांची देखरेख होती आणि ती करणाऱ्या स्त्रिया नर्सिंग शिकलेल्या होत्या. घरात हीच जबाबदारी बहुधा पंचाहत्तरीच्या पत्नीवर किंवा नोकरी सांभाळणाऱ्या सुनेवर येऊन पडते. सत्तर किलो वजनाच्या माणसाला एकटीने कुशीवर वळवताना तिची पाठ धरली की एका घरात दोन रुग्ण होतात. चादर ओढून सरकवण्याची, कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकण्याची पद्धत परिचारिकेकडून अर्ध्या तासात शिकता येते. रुग्णालय सोडण्यापूर्वीच ती शिकून घ्यावी.

नाकातील नळीचेही तसेच. भरवताना आणि भरवल्यानंतर अर्धा ते एक तास रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच असले पाहिजे. आडवे ठेवून भरवलेले अन्न श्वासमार्गात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नळी नाकपुडीपाशी जेथे खूण केली आहे तेथेच आहे ना, हे दर वेळी पाहावे. भरवताना ठसका लागला, श्वास वाढला की थांबावे. आधी आणि नंतर पाणी घालून नळी स्वच्छ करावी. गोळ्या कुटून नळीतून देण्याची पद्धत सर्रास आहे, तथापि ज्या गोळ्यांतून औषध हळूहळू सुटावे अशी रचना असते त्या कुटल्यास संपूर्ण मात्रा एकदम अंगात जाते. कोणती गोळी कुटावयाची नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. चाकाच्या खुर्चीतून नेताना ती मांडीवर ठेवली जाते आणि लघवी उलट मूत्राशयात जाते, ही नित्य दिसणारी चूक होय. ताप आला किंवा रुग्ण एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर वयाला दोष देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

यांतील नळीतून भरवणे, पिशवी रिकामी करणे, इन्सुलिन टोचणे ही कामे कुटुंबीयांना नीट शिकवता येतात. नळी पुन्हा घालणे, लघवीची नळी बदलणे, खोल जखमेची मलमपट्टी, गळ्यातील श्वासनलिकेची निगा यांसाठी मात्र प्रशिक्षित हातच हवेत. म्हणून बऱ्याच घरांना चोवीस तास परिचारिका लागत नाही. दिवसरात्र एक चांगली मदतनीस आणि आठवड्यातून ठरावीक वेळा येऊन तपासणी करणारी नोंदणीकृत परिचारिका अशी जोडी अधिक उपयुक्त आणि परवडणारी ठरते.

घर, केंद्र आणि करुणाश्रय

बेंगळुरू हे या क्षेत्रात देशातील आघाडीचे शहर मानले जाते आणि त्यात इंदिरानगरचा वाटा आहे. १९९४ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीची कर्नाटक शाखा आणि रोटरी क्लब ऑफ बँगलोर इंदिरानगर यांनी मिळून बँगलोर हॉस्पिस ट्रस्ट स्थापन केला. कर्करोगाच्या ज्या रुग्णांवर रोगमुक्तीचे उपचार आता शक्य नाहीत, त्यांना घरी पाठवून द्यावयाचे आणि विसरून जावयाचे, हे संस्थापकांना मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी परिचारिका आणि समुपदेशक रुग्णांच्या घरी जाऊ लागले. १९९९ मध्ये जुन्या विमानतळ मार्गाने पुढे मराठहळ्ळीच्या बाजूला ‘करुणाश्रय’ची वास्तू उभी राहिली. तेथील सेवा विनामूल्य आहे. वेदनाशमन, चिघळलेल्या जखमांची दुर्गंधी आटोक्यात ठेवणारी मलमपट्टी, तोंडाची स्वच्छता, धाप लागलेल्या रुग्णाला बसते करणे अशी ही सारी कामे प्रामुख्याने परिचारिकांची आहेत. अखेरच्या टप्प्यातही कुशल शुश्रूषेला पुष्कळ करण्यासारखे असते, हे या संस्थेने शहराला दाखवून दिले.

स्मृतिभ्रंशाचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण तो वर्षानुवर्षे चालतो. देशव्यापी वृद्धत्वविषयक पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. इंदिरानगरपासून जवळच कस्तुरीनगरात नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टचे वृद्धत्व आणि अल्झायमर यांसाठीचे केंद्र आहे. याच संस्थेने बेंगळुरू पोलिसांच्या सहकार्याने २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी १०९० ही मदतवाहिनी सुरू केली होती. देशपातळीवर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निःशुल्क क्रमांक १ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे.

घरी ठेवावे की केंद्रात, या निर्णयाला आपल्या समाजात उगाचच कर्तव्याची आणि अपराधाची छटा चिकटलेली आहे. रात्री दर तासाला कफ काढावा लागणारा रुग्ण, वारंवार घराबाहेर निघून जाणारा स्मृतिभ्रंशी किंवा एकटीच वृद्ध पत्नी असलेले घर, अशा परिस्थितीत केंद्र हा अधिक मायेचा निर्णय असू शकतो. काही आठवड्यांपुरते केंद्रात ठेवून घरच्या माणसांना उसंत देणे हाही मार्ग आहे. केंद्र पाहण्यास दुपारच्या ठरलेल्या वेळी न जाता रात्री आठनंतर जावे. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका आहेत, तेथे दुर्गंधी येते का, रुग्ण हाक मारतो तेव्हा कोण आणि किती वेळाने येते, या तीन गोष्टी माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जातात.

घरी माणूस ठेवताना ब्युरोशी करार लेखी असावा. पोलीस पडताळणी झाली आहे का, माणूस आला नाही तर बदली किती तासांत मिळेल, देखरेख करणारी परिचारिका केव्हा येईल, वेतन नेमके कोण देणार, हे त्यात स्पष्ट असावे. रुग्णाच्या उशाशी एक साधी वही असावी आणि तीत वेळ, दिलेले अन्नपाणी, लघवीचे प्रमाण, बदललेली कूस आणि त्वचेची अवस्था यांची नोंद प्रत्येक पाळीने करावी. ‘चोवीस तासांची एकच बाई’ ही सोय दिसावयास स्वस्त असली तरी ती फसवी आहे. दर दोन तासांनी रात्री उठणारे माणूस दिवसा सावध राहूच शकत नाही. तिला सलग झोप, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुटी मिळत नसेल तर नुकसान शेवटी रुग्णाचेच होते.

इंदिरानगरातील मराठी घरांत आणखी एक अडचण येते आणि ती अन्यत्र राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ओळखीची वाटेल. मदतनीस मुली ओडिशा, झारखंड, आसाम किंवा उत्तर कर्नाटकातून आलेल्या असतात. रुग्णाने चाळीस वर्षे कार्यालयात इंग्रजी आणि बाजारात कन्नड बोलण्यात घालवलेली असतात. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाला की अनेकदा नंतर शिकलेल्या भाषा आधी मागे पडतात आणि बालपणीची मराठी तेवढी उरते. ‘कूस बदल’, ‘घसा सुकलाय’, ‘शू लागली’, ‘टाच दुखते’ असे ती व्यक्ती पुनःपुन्हा म्हणते आणि शेजारी बसलेल्या मुलीला त्यातले काहीच उमगत नाही. चिडचिड वाढते, आणि मग चिडचिडीवरचे औषध वाढते. अशा तीस-चाळीस शब्दांचा तक्ता तिच्या भाषेत उच्चार व अर्थ लिहून भिंतीवर लावला तर एका दुपारचे काम आहे. कोणत्याही उपकरणापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

खर्चाचा भार कोणावर?

‘विमा आहे’ या दिलाशावर बहुसंख्य कुटुंबे निश्चिंत असतात. येथे सावध होण्याची गरज आहे. विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातून वगळावयाच्या बाबींची प्रमाणित भाषा २०१९ मध्ये ठरवून दिली. तीत विश्रांती, पुनर्वसन आणि देखभाल यांविषयीचे एक कलम आहे. स्नान, कपडे, हालचाल अशा दैनंदिन क्रियांत घरी किंवा शुश्रूषागृहात मिळणारी मदत, ती कुशल परिचारिकेने केलेली असो वा अन्य कोणी, पॉलिसीने हे कलम स्वीकारले असल्यास भरपाईस पात्र नाही. अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवाही त्यात वगळल्या जातात. म्हणजे परिचारिका ठेवली एवढ्याने खर्च मिळतो असे नाही. ती कशासाठी ठेवली हे पाहिले जाते. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ मध्ये खुले झालेले आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षणही रुग्णालयातील उपचारांपुरते आहे.

अन्य देशांत स्थिती काय आहे? अमेरिकेतील १९६५च्या मेडिकेअर कायद्याखाली, रुग्णालयात किमान तीन दिवस राहिल्यानंतर कुशल शुश्रूषा केंद्रातील वास्तव्य जास्तीत जास्त १०० दिवस देय असते. पहिले २० दिवस संपूर्ण, नंतर रुग्णाचा वाटा धरून. निव्वळ सांभाळण्याचा खर्च तेथेही मिळत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा स्वतंत्र, सक्तीचा विमा सुरू केला. जपानमध्ये वयाच्या चाळिशीपासून त्याचा हप्ता भरावा लागतो. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. भार कुटुंबाच्या बचतीवरच पडतो.

तो किती, हे आधी कागदावर मांडावे. महिन्याला दोन पाळ्यांच्या ६० पाळ्या होतात. केवळ हिशोबासाठी एका पाळीचे १,००० रुपये धरले तर महिन्यास ६०,००० आणि वर्षास ७,२०,००० रुपये. औषधे, डायपर, गादी आणि डॉक्टरांच्या भेटी वेगळ्या. ठेवीवर ७ टक्के व्याज धरल्यास एवढी रक्कम निर्माण करण्यास, कर विचारात न घेताही, सुमारे १ कोटी ३ लाखांची ठेव लागते. त्यामुळे खरोखर किती पाळ्या आणि कोणत्या दर्जाच्या हव्यात, हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच आर्थिकही आहे.

करसवलती थोडा आधार देतात. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातील जुन्या करप्रणालीत विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चासाठी ५०,००० रुपयांपर्यंत, कंपवात-स्मृतिभ्रंशासारख्या ठरावीक आजारांच्या उपचारांसाठी ज्येष्ठांच्या बाबतीत १ लाखापर्यंत, आणि अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० किंवा तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा दावा करण्यापूर्वी करसल्लागारास विचारावे. नव्या करप्रणालीत या वजावटी मिळत नाहीत.

इंदिरानगरातील अनेक ज्येष्ठांची गत अशी की घराची किंमत कोट्यवधींची आणि निवृत्तिवेतन बेताचे. अशांसाठी २००७ मध्ये आलेली ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजना विचारात घेण्याजोगी आहे. साठी ओलांडलेल्या व्यक्तीस स्वतः राहत असलेल्या स्वतःच्या घराच्या तारणावर बँक ठरावीक काळाने रक्कम देते. हयातीत परतफेड करावी लागत नाही आणि पतिपत्नींना अखेरपर्यंत त्याच घरात राहता येते. योजनेला प्रतिसाद तोकडा आहे. घर मुलांसाठी राखावे ही भावना हे त्याचे एक कारण आहे. ती मुले त्या घरात राहावयास येणार आहेत का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

सही करता येते तोवर

शाखेतील कर्मचाऱ्यांना वारंवार येणारा प्रसंग असा : खातेदार अंथरुणावर, पैसे खात्यात, आणि परिचारिकेचे वेतन देण्यास मुलाकडे रक्कम नाही. शरीर असमर्थ पण मन सावध असेल तर मार्ग सोपा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अशा खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटवल्यास ग्राह्य धरता येतो; त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही देता येत नसेल तर कोणतीही खूण चालते. पैसे कोणी काढावेत हेही खातेदार सांगू शकतो.

मनाची शक्ती गेल्यानंतर मात्र दारे एकेक करून बंद होतात. मुलाच्या नावे केलेले मुखत्यारपत्र पुरेसे आहे असे बहुतेकांना वाटते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवशी ते खरे लागते त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. त्यानंतर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. कोमातील रुग्णांसाठी याची पद्धत केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांनी घालून दिली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्यातील स्थानिक समिती पालक नेमते. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाला तो कायदा लागू नाही.

म्हणून स्मृतिभ्रंशाचे निदान झाले की पहिल्या महिन्यातच खात्यांची पाहणी करावी. बचत खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीचे असेल तर एकट्याच्या सहीने चालते. परंतु तशाच पद्धतीची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडावयाची झाल्यास, दोघेही हयात असताना दोघांच्याही सह्या लागतात. ही गोष्ट अनेकांना ऐन वेळी कळते. सर्व रक्कम एकाच दीर्घ मुदतीच्या ठेवीत न ठेवता तिच्या लहान ठेवी करून त्यांच्या मुदती दर काही महिन्यांनी पुऱ्या होतील असे पाहिले, तर ठेव मोडण्याची वेळच सहसा येत नाही.

निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचे नियम आता पुष्कळ सैल झाले आहेत. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही अंकीय सोय आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा ओळखूनही दाखला निघतो. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत अशांना हे फार सोयीचे झाले आहे. तथापि त्यात भ्रमणध्वनीसमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि प्रत्येक रुग्णाला ती सांगितल्यासरशी करता येत नाही. अशा वेळी बँकेचा अधिकारी घरी येऊन दाखला नोंदवू शकतो. पोस्टमनमार्फतही घरपोच सेवा मिळते. ७० वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना सूचना दिल्या आहेत. विनंती शाखेकडे ऑक्टोबरातच नोंदवावी आणि रुग्ण कोणत्या वेळी जागा व सावध असतो तेही तीत लिहावे. बहुतेक घरांत ती वेळ सकाळी दहाच्या सुमाराची, स्नान आणि नाश्ता आटोपल्यानंतरची असते.